सोलापूरच्या परसातील कण्हेर

गावाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखकाची दृष्टी प्रथम किल्ल्याकडे, मग देवळाकडे आणि त्यानंतर दप्तराकडे वळते. वेढा कोणी दिला, तह कोणी मोडला, कोणत्या साली कोणाचे निशाण बुरुजावर चढले, या गोष्टी कागदावर सापडतात आणि त्या लिहून ठेवणे अवश्यच आहे. परंतु त्या गावातील सामान्य गृहस्थ कसे राहत होते, त्यांना कशाची वानवा होती आणि ती सोसूनही त्यांनी आपल्या हौसेला जागा कशी करून दिली, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने एक वेळ घरांच्या मागल्या दारी जावे, असे आम्हास वाटते. पाणी मुबलक असलेल्या गावचे परसू निराळे आणि वैशाखात ज्याच्या आडांना तळ दिसतो त्या गावचे निराळे. कोकणातल्या परसात पोफळीच्या बुंध्याशी पाटाचे पाणी खेळते. सोलापूरच्या जुन्या घरांच्या मागे, मोरीचे पाणी जेथे बाहेर पडते तेथे, कण्हेर उभी असते.

या लेखात त्या कण्हेरीचीच हकीकत सांगण्याचा आमचा विचार आहे. विषय किरकोळ आहे, असे काही वाचकांस वाटेल. तथापि त्याच्या पोटात एक प्रश्न आहे आणि तो सोलापूरसारख्या गावात प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागला आहे. जेथे माणसालाच पाणी पुरत नाही, तेथे केवळ फुलांसाठी झाड पाळण्याचा आपणास अधिकार आहे काय?

प्रश्न नीट समजण्यासाठी गावाची प्रकृती ध्यानात घेतली पाहिजे. सोलापूर जिल्हा भीमा आणि सीना यांच्या खोऱ्यात असला तरी पावसाच्या दृष्टीने तो सह्याद्रीच्या पाठीमागे पडला आहे. घाटावर कोसळून उरलेले ढग येथवर येतात. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर, म्हणजे २२ इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही वेळेवर पडेलच अशी खात्री नसते. मृगावर विसंबून राहिलेला शेतकरी येथे पुष्कळदा फसतो. त्याची खरी भिस्त भाद्रपद-आश्विनातल्या परतीच्या पावसावर असते, आणि म्हणूनच रब्बीची ज्वारी हे या मुलखाचे मुख्य अन्न झाले. जिल्ह्यातील मोहोळ येथे निवडलेल्या मालदांडी ज्वारीचे नाव साऱ्या महाराष्ट्रात झाले, ते ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर पिकते म्हणून. जमीन कोठे खोल काळी, तर कोठे वीतभर मातीखाली लगेच मुरूम. काळी जमीन पावसात पाय धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. वैशाखात पारा ४२-४४ अंशांपर्यंत चढतो. अशा ठिकाणी बागेची हौस म्हणजे निसर्गाशी घातलेली हुज्जतच होय.

ही हुज्जत सोलापूरकर निदान आठ शतके घालीत आले आहेत. बाराव्या शतकात, गावास सोन्नलिगे म्हणत तेव्हा, शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी येथे तलाव केला. भक्तांनी अंगमेहनतीने खोदलेला हा तलाव आजही गावाच्या मध्यभागी आहे, आणि ग्रामदैवताचे देऊळ त्याच्या पाण्यातच उभे आहे. संतांच्या चरित्रांतून चमत्कार पुष्कळ सांगितलेले असतात. परंतु येथील लोक आपल्या सिद्धरामाचे थोरपण सांगताना पहिल्याने तलावाकडे बोट दाखवितात, ही गोष्ट आम्हास फार अर्थपूर्ण वाटते. तलावाच्या शेजारीच भुईकोट किल्ला आहे. बहामनी राज्य फुटल्यावर या किल्ल्यासाठी विजापूर व अहमदनगर एकसारखी झगडली. चांदबिबीचे लग्न अली आदिलशहाशी झाले तेव्हा सोलापूर तिच्या आंदणात गेले, आणि १८१८ च्या मे महिन्यात ते इंग्रजांच्या हाती पडले. धनी बदलत गेले. पाण्याची चणचण मात्र गावाजवळच राहिली.

इंग्रजी अमलात १८६० साली आगगाडी आली, १८७७ साली जुनी गिरणी चालू झाली, आणि कापसाच्या व मागाच्या आधाराने गाव झपाट्याने वाढले. मध्यंतरी, १८७१ साली, गावाच्या उत्तरेस अदिला नदीवर एकरूखचा मोठा तलाव पुरा झाला. त्याला लोक हिप्परग्याचा तलाव म्हणतात. परंतु पाच वर्षेही गेली नाहीत तोच १८७६ चा दुष्काळ पडला. त्या आपत्तीचे वर्णन करण्यास दोन शिरगणत्या पुरे आहेत. १८७२ साली जिल्ह्याची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती, ती १८८१ साली सहा लाखांच्याही आत आली. पुढे १८९६ आणि १८९९ मध्ये दुष्काळ पुन्हा फिरून आले. ज्या घरांनी हे दिवस पाहिले, त्या घरांत पाण्याविषयी एक प्रकारची धर्मबुद्धीच उत्पन्न झाली असल्यास नवल नाही. पाणी सांडणे हे तेथे अन्न टाकण्याइतके वाईट समजले जाई.

शिवाय हे पाणी घरात आपोआप येत नव्हते. तलावावरून, आडावरून किंवा सार्वजनिक विहिरीवरून ते कोणीतरी आणीत असे, आणि ते कोणीतरी म्हणजे बहुधा घरातली बाईमाणसे. प्रत्येक हंड्याखाली एक मान असे. तेव्हा परसात मोगरा असावा, जाई असावी, अशी इच्छा पुरुषाने करणे सोपे होते, पण त्या इच्छेची किंमत दुसऱ्याच कोणास द्यावी लागे. आम्ही वर विचारलेला प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता, तो या मानेचा प्रश्न होता.

कण्हेरीने तो सोडविला. जे पाणी एकदा वापरून झाले, ज्याने भांडी घासली, हातपाय धुतले, तांदूळ धुतले, ते मोरीतून बाहेर पडले की त्याच्यावर कोणाचाच हक्क राहत नसे. त्या पाण्याच्या वाटेवर कण्हेरीची फांदी खोवून द्यावी, एवढीच तिची लावणी. कर्दळ आणि अळू हेदेखील मोरीकाठचेच रहिवासी होत. परंतु चार दिवस घर बंद राहिले की ते माना टाकीत, आणि कण्हेर तशीच उभी राही. पहाटे परडीभर फुले निघत. पांढरी शंकराला, तांबडी गणपतीला व देवीला जात. एवढी पूजा त्या घराला एका घागरीच्याही खर्चाशिवाय मिळत असे.

सोलापूर हे चार भाषांचे गाव आहे. येथे मराठी आहे, कानडी आहे, मागावर बसणाऱ्या पद्मशाली समाजाची तेलुगू आहे आणि दख्खनी ढंगाची उर्दू आहे. एकाच गल्लीत या झाडाला कोणी कण्हेर म्हणतो, कोणी कणगिले, कोणी गन्नेरू, तर कोणी कनेर. ही नावे कानाला सख्ख्या बहिणींसारखी लागतात. संस्कृतात शब्द करवीर, प्राकृतात त्याचे कणवीर आणि कणेर झाले, आणि त्यातूनच आपले कण्हेर आले. कोल्हापूरचे करवीर हे जुने नावही याच शब्दाचे आहे. जे झाड चार भाषांच्या माणसांनी एकाच सहजतेने आपापल्या दारी लावले, त्याने गावाच्या एकोप्याला काही हातभार लावला, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत नाही. मात्र फांदी मागण्यासाठी शेजारच्या परसात जावे लागते, आणि फांदी देताना कोणी जात वा भाषा विचारीत नाही, एवढे आम्ही स्वतः पाहिलेले आहे.

आमच्या पूर्वजांना या झाडाचे गुण आणि अवगुण दोन्ही ठाऊक होते. अमरकोशात करवीराच्या पर्यायांत 'हयमारक' असा एक शब्द दिला आहे. हयमारक म्हणजे घोड्याला मारणारा. ज्या दख्खनेत घोड्याच्या टापांवर राज्ये उठली आणि बसली, त्या दख्खनेतील ओढ्यांच्या काठी हे झाड सर्वत्र असावे, आणि दमलेल्या घोड्याने त्याला तोंड लावू नये म्हणून पागेच्या माणसांनी डोळ्यांत तेल घालून जपावे, हे चित्र त्या एका शब्दाने डोळ्यांपुढे उभे राहते. आयुर्वेदाने करवीराची गणना उपविषांत केली आहे. नाटककारांनी त्याचा निराळाच उपयोग केला. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त, जे देवलांच्या मराठी अवतारामुळे आपल्या घराघरांत परिचित झाले, निरपराध चारुदत्ताला वधस्थानी नेतात तेव्हा त्याच्या गळ्यात करवीराची माळ असते. देवाला वाहिले जाणारे हेच फूल त्या काळी देहदंडाचेही चिन्ह होते.

सोलापुरात ही गोष्ट आठवली म्हणजे मन १९३० सालाकडे गेल्यावाचून राहत नाही. त्या वर्षी मे महिन्यात, गांधीजींना अटक झाल्याची वार्ता आल्यावर, गाव पेटले. रूपाभवानीच्या बाजूस शिंदीची झाडे तोडण्यावरून ८ मे रोजी जमाव व पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला, आणि १२ मे रोजी गावावर लष्करी कायदा पुकारण्यात आला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. गावाने त्यांचे पुतळे उभारले आणि हुतात्म्यांच्या नावाने बाग केली. आमच्या घरी त्या दिवशी कण्हेरीचीच फुले काढण्याचा परिपाठ होता. जानेवारीच्या थंडीत ती थोडीच मिळतात. परंतु वडील म्हणत की, शूद्रकाने ज्या माळेला वध्याची माळ म्हटले, ती सोलापुराने सन्मानाची करून टाकली आहे. दुसरे कोणते फूल त्या दिवशी आम्हास चालत नसे.

येथवर वाचकांचा असा समज झाला असेल की, कण्हेर हे मरुभूमीचे झाड असून त्याला पाण्याची गरजच नाही. हा समज सर्वत्र आहे आणि तो साफ चुकीचा आहे. शास्त्रात या झाडाला 'नेरियम ओलिअँडर' म्हणतात. १७५३ साली लिनियसने हे नाव रूढ केले. त्यातील पहिला शब्द ग्रीक असून त्याचा संबंध ओलाव्याच्या वाचक शब्दाशी जोडतात. भूमध्य समुद्राच्या काठापासून पश्चिम आशिया व हिंदुस्थान यांवरून थेट चीनपर्यंत ही वनस्पती पसरलेली आहे, आणि तिचे खरे घर म्हणजे नदीनाल्यांची पात्रे. त्यातही वर्षातले दोन-चार महिने वाहून पुढे कोरडी पडणारी पात्रे तिला विशेष मानवतात. पूर आला की ती त्यात बुडते, पूर ओसरला की वाळूगोट्यांच्या खाली मुळे पाठवून दडलेले पाणी शोधते. म्हणजे कण्हेर पाण्याची वैरीण नाही. ती पाण्याची फार जुनी सोबतीण आहे, आणि पाणी नाहीसे झाल्यावर ते कोठे जाते हे तिला ठाऊक आहे.

मिळविलेले पाणी ती जपते कसे, हेही पाहण्यासारखे आहे. तिची पाने लांबट, चिवट आणि वरून मेणचट असतात. एकेका पेरावर बहुधा तीन-तीन येतात. वनस्पती ज्या सूक्ष्म छिद्रांतून श्वास घेतात, त्याच छिद्रांतून त्यांचे पाणीही उडून जाते. कण्हेरीची ही छिद्रे पानाच्या वरच्या बाजूस नसतात. खालच्या बाजूस लहान लहान खळगे असतात, त्या खळग्यांच्या तोंडाशी बारीक लव असते, आणि छिद्रे त्या खळग्यांच्या आत असतात. बाहेर झळा चालू असताही आतील हवा थोडी दमट राहते. सोलापूरच्या जुन्या घरांना जाड मातीच्या भिंती, लहान खिडक्या आणि आत चौक असे. कण्हेरीच्या पानाची रचना समजली तेव्हा आम्हास त्या घरांचीच आठवण झाली.

तिसरे साधन विष होय. तांबडी असो की पांढरी, कण्हेरीचे मूळ, साल, पान, फूल व बी ही सर्व विषारी आहेत. त्यातील ओलिअँड्रिन नावाचे द्रव्य हृदयाच्या गतीत बिघाड करते. म्हणूनच तिला कुंपण लागत नाही. शेळी सारे परसू फस्त करते आणि कण्हेरीला वळसा घालून जाते. हावरट जनावर तेवढे फसते, आणि दुष्काळात उपाशी जनावर फसते. यासाठी छाटलेल्या फांद्या गुरांच्या वाटेवर टाकू नयेत. पाने वाळली तरी विष जात नाही. फांदीचे दातवण करू नये, काटक्या चुलीत वा शेकोटीत घालू नयेत, कारण तिचा धूरही अपायकारक आहे. छाटणीनंतर हात साबणाने धुवावे. घरात रांगते मूल असेल तर झाड त्याच्या हाताबाहेर असावे, आणि कोणाच्या पोटात काही गेल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. इतक्या जुन्या सोबतिणीविषयी एवढे सावध राहावे लागते, यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. चुलीतल्या विस्तवाशीही आपण असेच वागतो.

या विषाची भीती न बाळगणारा एक प्राणीही आहे. पांढऱ्या ठिपक्यांच्या काळसर फुलपाखराची, इंग्रजीत ज्याला 'कॉमन क्रो' म्हणतात त्याची, अळी कण्हेरीचीच पाने खाऊन वाढते आणि त्यातील कडूपणा अंगी बाळगून पाखरांपासून आपला बचाव करते. पानांखाली चांदीच्या मण्यांसारखे चकाकणारे तिचे कोश लोंबतात. लहानपणी हे कोश शोधणे हाच आमचा श्रावणातला मुख्य उद्योग असे.

पिवळ्या फुलांची जी कण्हेर आपण म्हणतो, जिला बिट्टी असेही नाव आहे, ती मात्र खऱ्या कण्हेरीच्या दूरच्या नात्यातली असून मूळची अमेरिका खंडातली. ती आपल्याकडे पाहुणी म्हणून आली आणि घरचीच झाली. तीही तितकीच विषारी आहे, आणि तिच्या बियांनी प्राणहानी झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, हे विसरू नये.

आता १९७२ सालची एक घरगुती हकीकत सांगतो. त्या वर्षीच्या दुष्काळात सोलापूर जिल्हा अतिशय होरपळला. खेडोपाडीची माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली, मिलो नावाची परदेशची तांबडी ज्वारी खावी लागली, सुकडी वाटली गेली. आमच्या परसातील आड माघातच आटला. घरातील पाण्याचा हिशेब आजीकडे असे. तिने एके दिवशी सांगितले की, यापुढे परसात एक थेंबही जाणार नाही. मोरीचे पाणीसुद्धा ती पाटीत धरून ठेवी आणि त्याने दुसऱ्या दिवशी अंगण सारवी. आम्ही मुलांनी चोरून मोगऱ्याला तांब्याभर पाणी घातले, तेव्हा तिने आम्हास मारले नाही. तिने शेजारच्या गिरणी कामगाराच्या घरातील बाईला हाक मारली, आणि तिच्यासमोर तो तांब्या आमच्या हाती देऊन, "हा आता हिच्या घरी भरून द्या," एवढेच म्हणाली. मोगरा चैत्रात वाळला. तो तिने स्वतः सासरी आल्यावर लावलेला होता. कण्हेर मात्र तिने विळ्याने गुडघ्याएवढी उरेपर्यंत कापली, बुंध्याशी माती ओढली, त्यावर पालापाचोळा पसरला आणि तिच्याकडे पाठ फिरविली. पुढल्या वर्षी पाऊस पडल्यावर त्या खुंटांना कोंब फुटले आणि दसऱ्याला पहिली फुले आली. आजीने ती देवाला वाहिली. मोगरा तिने पुन्हा लावला नाही.

त्या वेळी आजीने जे केले ते पुढे आम्ही पुस्तकांतून वाचले. सोलापुरास १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन चालू आहे. त्याआधी १९२३ पासून पुण्याजवळ मांजरी येथे त्याचा पाया घातला गेला होता, आणि कानिटकरांसारख्या शास्त्रज्ञांनी या कामात आयुष्य वेचले. बांध घालून पावसाचे पाणी शेतातच मुरवावे, शेणखताने जमिनीची धारणशक्ती वाढवावी, रोपे विरळ ठेवावी, वारंवार कोळपून भेगा बुजवाव्या, असे त्या संशोधनाचे सार सांगता येईल. ज्वारीसाठी शोधलेले हे नियम फुलझाडालाही जसेच्या तसे लागू पडतात.

ज्या वाचकांस कण्हेर लावण्याची इच्छा असेल त्यांच्यासाठी आमचा अनुभव थोडक्यात देतो. आषाढ-श्रावणात करंगळीएवढ्या जाडीची, वीत-दीड वीत लांबीची फांदी घ्यावी, खालची पाने काढावी आणि ओल्या रेताड मातीत दोन पेरे पुरतील अशी खोवावी. महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. नुसत्या पाण्याच्या बाटलीतही ती मुळे सोडते. कायमची जागा भर उन्हातली असावी, सावलीत पाने येतात, फुले येत नाहीत. दीड फूट खोल खड्डा करावा. जमीन काळी असल्यास त्यात मुरूम किंवा वाळू मिसळावी, कारण साचलेल्या पाण्यात कोवळी मुळे गुदमरतात. मुरमाड जमीन असल्यास चार पाट्या चांगली माती आणि मुरलेले शेणखत घालावे. दोन झाडांत पाच-सहा फुटांचे अंतर ठेवावे.

पहिले दोन उन्हाळे हीच खरी कसोटी असते, आणि पुष्कळ लोक येथेच चुकतात. कण्हेरीला पाणी लागत नाही असे ऐकून ते लावल्याबरोबर तिला वाऱ्यावर सोडतात आणि ती मेली म्हणजे झाडाला दोष देतात. उलट काही जण रोज सकाळी ओंजळभर पाणी शिंपडतात. त्याने मुळे वरच्या वर राहतात आणि पहिल्याच झळीत झाड कोलमडते. आठवड्यातून एकदा, परंतु आळे भरून, पाणी द्यावे, म्हणजे ओल खोल जाते आणि मुळे तिच्या मागे जातात. आळ्यात पालापाचोळा किंवा कडब्याची कुट्टी पसरावी, भेगा दिसताच खुरप्याने बुजवाव्या. तिसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात पंधरवड्यास एकदा पाणी पुरते. न दिले तर फुले कमी होतील, झाड मरणार नाही. फुले नव्या फुटीच्या टोकास येतात, म्हणून दरवर्षी थंडी सरताना जुन्या फांद्यांचा तिसरा हिस्सा कापावा. पिवळा मावा पडल्यास पाण्याच्या जोरदार धारेने धुवावा किंवा निंबोळीचा अर्क फवारावा. खत पावसाच्या तोंडी वर्षातून एकदाच द्यावे, अति खताने झाड माजते.

जगातील इतर गावांनीही संकटकाळी या झाडाचा आधार घेतला आहे. अमेरिकेतील टेक्सास प्रांताच्या किनाऱ्यावर गॅल्व्हेस्टन नावाचे बेटावरील शहर आहे. तेथे १८४१ साली जमेकाहून कण्हेर आली. १९०० सालच्या भयंकर वादळाने शहर उद्ध्वस्त झाले, पुढे जमिनीची पातळी उंचावण्यासाठी टाकलेल्या खाऱ्या गाळाने बागा नष्ट झाल्या, तेव्हा तेथील स्त्रियांच्या एका मंडळाने रस्तोरस्ती जी झाडे पुन्हा लावली त्यांत कण्हेर मुख्य होती. हिरोशिमा शहरावर १९४५ च्या ऑगस्टात अणुबाँब पडला, आणि तेथे पाऊणशे वर्षे काही उगवणार नाही असे बोलले गेले. त्या जळक्या मातीत आरंभी जी फुले उमलली त्यांत कण्हेर होती, म्हणून १९७३ साली त्या शहराने तिला आपले नगरपुष्प ठरविले.

सोलापुरात मात्र तिचे घर बदलले आहे. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले, भीमेचे पाणी नळांनी शहरात आले, तरी ते रोज न येता काही दिवसांआड येण्याचीच गावाला सवय झाली. वाडे पडून सदनिका उभ्या राहिल्या आणि मोरीचे पाणी जमिनीखालच्या नळांतून निमूट जाऊ लागले. त्याच्या वाटेवर आता काहीच उभे नाही. परसातून उठलेली कण्हेर पुण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या दुभाजकावर जाऊन उभी राहिली आहे. धूर, धूळ व वैशाखाचे ऊन खात ती तेथे फुलते, आणि शेजारी बोगनवेल तिला सोबत करते. इकडे नव्या वसाहतींतून हिरवळीचे गालिचे पसरलेले दिसतात आणि ते जगविण्यासाठी टँकर मागविले जातात. हिरवळ डोळ्यांना सुखविते हे आम्हासही मान्य आहे. परंतु त्या टँकरचे पाणी कोणत्या तरी गावच्या विहिरीतून उपसलेले असते, आणि त्या विहिरीवर कोणीतरी घागर घेऊन उभे असते.

आम्ही आरंभी विचारलेल्या प्रश्नाला जुन्या सोलापूरकरांनी शब्दांनी उत्तर दिलेले नाही. त्यांनी फुलांचा हट्ट सोडला नाही आणि दुसऱ्याच्या घागरीलाही हात लावला नाही. दोहोंमध्ये जी चिंचोळी जागा उरली तेथे त्यांनी एक फांदी खोवली. आजही ज्यांच्या दारात चार हात मोकळी जमीन आहे, त्यांनी भांडी धुतलेल्या पाण्याची एक चर तिकडे वळवावी आणि येत्या आषाढात शेजाऱ्याकडून एक फांदी मागून आणावी. आमच्या परसातील कण्हेर अजून उभी आहे. आजीने कापलेले जुने खुंट बुंध्याशी अद्याप दिसतात, आणि फांदी मागावयास येणाऱ्यास आम्ही ती आनंदाने देतो.